चाळण आणि वळण

मराठी भाषेने ‘वाकडे’ या शब्दावर जितका राग काढला आहे, तितका दुसऱ्या कुठल्या शब्दावर काढला असेल असे मला वाटत नाही. बिघडलेला मुलगा वाकड्या वाटेने जातो, भांडखोर शेजारी वाकड्यात शिरतो, दुष्ट माणूस वाकड्या नजरेने पाहतो. आणि ज्याला नाचता येत नाही तोसुद्धा खापर फोडतो ते अंगणाच्या वाकडेपणावर! पण हीच भाषा ‘वळण’ हा शब्द उच्चारते तेव्हा तिचा स्वर एकदम मऊ होतो. सून चांगल्या वळणाची हवी, अक्षराला वळण हवे, मुलांना वेळीच वळण लावायला हवे. वळणाचे पाणी वळणाला जाते असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. आता वाकडे आणि वळण यांत आकृतीचा फरक काय? काहीच नाही. जे आपल्याला उमगले त्याला आपण वळण म्हटले आणि जे उमगले नाही त्याला वाकडे म्हणून मोकळे झालो.

पाण्याच्या बाबतीत आपले सध्याचे धोरण हे असे आहे. नदी वाकडी दिसली की तिला सरळ करावी, ओढा वाकडा दिसला की त्याला काँक्रीटच्या पन्हाळीत कोंबावा, आणि या उद्योगाला सुधारणा हे नाव द्यावे. मी नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकवले. त्या अधिकाराने, आणि गोदाकाठी जन्म गेल्याच्या अधिकाराने, मला या सुधारणेविरुद्ध दोन शब्द बोलायचे आहेत. पाण्याचे वळण ही अडचण नाही. ते पाण्याचे काम आहे. ते काम इतके बारकाईचे आहे की आज जगातले शास्त्रज्ञ केसाएवढ्या नळ्यांना मुद्दाम वळणे घालून तेच करवून घेत आहेत. आणि आपण मात्र फुकट मिळालेली वळणे पैसे खर्चून मोडतो आहोत.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. मी म्हणते, दिवाळीइतका याला योग्य काळ नाही. आठ-पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या घरात काय चालले होते ते आठवा. बेसन चाळले गेले, भाजणी चाळली गेली, पिठीसाखर चाळली गेली. बारीक आणि जाड वेगळे करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाळण येते. चाळणीचा कायदा सोपा आहे: भोकापेक्षा लहान ते खाली, मोठे ते वर. पण ज्या हातांनी चाळले असेल त्यांना चाळणीचे दोषही ठाऊक असतील. पहिला दोष, तिची भोके बुजतात. थोडे दमट पीठ आले की चाळण ठप्प होते आणि तिला कडेवर थापट्या मारीत बसावे लागते. दुसरा दोष, एका चाळणीने एकच निवड होते. तीन जाडीचे कण वेगळे करायचे तर दोन चाळण्या हव्यात. तिसरा दोष, नाजूक वस्तू तिच्यावर घासली की मोडते. पोहे चाळताना हा अनुभव प्रत्येकीला आलेला असतो.

म्हणून आपल्या घरांत चाळणीशिवाय आणखी एक रीत होती. तिचे नाव रोळणे. तांदळात किंवा डाळीत खडे असले की ती पाण्यात घालायची, पातेल्याला हाताने गोल हिसका द्यायचा, आणि फिरत्या पाण्याबरोबर वर आलेले दाणे हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे. खडे तळाशी राहतात. यात भोके नाहीत, म्हणून बुजण्याची भीती नाही; घासणे नाही, म्हणून मोडण्याची भीती नाही. निवड करते ते गोल फिरणारे पाणी. सराफांच्या दुकानातली धूळ आणि राख धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच करीत. भांड्याला गोल झोके देऊन हलकी माती पाण्याबरोबर सोडून द्यायची आणि जड सोने तळाशी राखायचे. त्यांची रोजी या गोल फिरणाऱ्या पाण्यावर चाले.

आता या गोल फिरणाऱ्या पाण्याचे एक गुपित पाहू. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, त्यात चिमूटभर चहाची पत्ती टाका, ती भिजून तळाशी बसू द्या. मग चमच्याने पाणी गरगर फिरवा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कुठे जाईल? फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा पत्ती पेल्याच्या कडेला जावी. ती जात नाही. ती तळाच्या मधोमध गोळा होऊन बसते! आपला चहा उकळून गाळायचा, म्हणजे इथेही चाळणच, त्यामुळे ही गंमत आपल्या नजरेस पडत नाही. पण ज्यांच्या पेल्यात पत्ती राहते त्यांच्या नजरेस ती पडली, आणि १९२६ साली अल्बर्ट आइनस्टाइन यांनी या पेल्यावर आणि नद्यांच्या वळणांवर मिळून एक छोटा निबंध लिहिला.

कारण असे. पाणी फिरू लागले की ते कडेला चढते आणि मध्ये खोलगट होते. या उतारामुळे पाण्यावर आतल्या बाजूला दाब पडतो. वरचे पाणी वेगाने फिरत असते, त्यामुळे त्याची बाहेर जाण्याची ओढ त्या दाबाला पुरून उरते. पण तळाला लागलेले पाणी तळाशी घासून मंद झालेले असते. त्याची बाहेर जाण्याची ओढ कमी, दाब मात्र तेवढाच. म्हणून तळाचे पाणी आत सरकते, मधोमध वर येते, वरून कडेकडे जाते आणि कडेने पुन्हा खाली उतरते. मुख्य फेऱ्याच्या पोटात हा दुसरा, चोरटा फेरा चालू असतो. पत्ती त्या चोरट्या फेऱ्याबरोबर मध्ये येते. वर उचलली जाण्याइतकी ती हलकी नसते, म्हणून तिथेच बसते.

नदीच्या वळणावर नेमके हेच घडते. लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू जेम्स थॉम्सन यांनी ते १८७६ साली मांडले होते. वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठावर आपटते आणि तो काठ कोरते. तळाचे पाणी बारीक वाळू घेऊन आतल्या काठाला येते आणि तिथे ती ठेवते. म्हणून आतल्या काठाला पसरट वाळवंट आणि बाहेरच्या काठाला डोह. पोहायला जाणाऱ्या पोराला जुनी माणसे सांगत की वळणाच्या बाहेरच्या अंगाला उतरू नकोस, ते यासाठी. डोहाच्या तळाशी पाहिले तर तिथे गोटे सापडतात आणि वाळवंटावर बारीक रेती. म्हणजे नदीने माल निवडून दोन ठिकाणी लावून ठेवलेला असतो. जिथे नदी सरळ वाहते किंवा थांबते, तिथेही निवड होते, पण ती निराळ्या तऱ्हेने. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूर मधमेश्वरचा बंधारा शंभरावर वर्षांपूर्वी बांधला गेला. थोपलेले पाणी प्रथम जाड वाळू टाकते, मग बारीक माती पुढे नेऊन बसवते. या गाळावर पाणथळ तयार झाली, तिच्यावर पक्षी आले, आणि २०२० साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. थांबणारे पाणी लांबीत निवड करते, वळणारे पाणी रुंदीत. कालव्याला स्वच्छ पाणी हवे असेल तर या दुसऱ्या निवडीचा उपयोग मोठा आहे.

तो उपयोग कसा होतो, हे शिकायला महाराष्ट्राला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९३२ साली सिंधू नदीवर सक्कर येथे मोठा बंधारा सुरू झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता; तो निराळा झाला १९३६ साली. बंधारा सुरू होऊन फार दिवस लोटले नाहीत तोच उजव्या तीरावरच्या कालव्यांत वाळू भरू लागली. एवढा पैसा ओतून कालवे काढायचे आणि ते वाळूने बुजायचे! हा प्रश्न आला तो पुण्याजवळ खडकवासल्याला. तिथल्या संशोधन केंद्राचा उगम १९१६ सालचा, मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातला. सर क्लॉड इंग्लिस हे तिथले प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधूची लहान प्रतिकृती करून तिच्यात पाणी आणि वाळू सोडली, आणि उत्तर काढले ते वळणाचे. कालव्याच्या तोंडापाशी येणाऱ्या पाण्याला असा बाक द्यायचा, की कालव्याचे तोंड बाहेरच्या काठाला पडेल. मग वरचे स्वच्छ पाणी कालव्यात जाते आणि तळाची वाळू चोरट्या फेऱ्याबरोबर विरुद्ध बाजूला सरकून नदीतच राहते. ना जाळी, ना चाळण. खडकवासल्याच्या त्या प्रयोगांवरून सक्करला तसा वळणदार मार्ग बांधला गेला. आपल्या शाळांच्या पुस्तकांत याला एक ओळही नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

आता नदी सोडून केसाकडे येऊ.

इंग्लिस वाळू आणि पाणी यांच्याशी झगडत होते त्याच्या थोडे आधी, १९२७ आणि १९२८ साली, डब्ल्यू. आर. डीन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने वाकड्या नळीतल्या प्रवाहाचे गणित मांडले. त्यात दिसले ते असे की वाकड्या नळीत पाणी नुसते पुढे जात नाही. पुढे जाता जाता ते एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांत विभागते. हे भोवरे म्हणजे आपल्या पेल्यातल्या चोरट्या फेऱ्याचे सख्खे भाऊ. १९६१ साली सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोघांनी दुसरी गोष्ट दाखवली. सरळ गोल नळीतून बारीक गोळ्या मिसळलेला द्रव सोडला, तर गोळ्या नळीभर पसरून राहत नाहीत. त्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे साठ टक्के अंतरावर एका कड्यात गोळा होतात. नळीची भिंत त्यांना आत ढकलते, प्रवाहाच्या वेगातला फरक त्यांना बाहेर ढकलतो, आणि दोहोंच्या मध्ये जिथे तडजोड होते तिथे त्या चालू लागतात.

या दोन गोष्टी एकत्र आणल्या की जे निष्पन्न होते ते खरोखर पाहण्यासारखे आहे. केसाएवढ्या रुंदीची नळी घ्या आणि तिला चकलीसारखी गुंडाळा. हो, चकलीसारखीच, दिवाळीच्या दिवसांत याहून चांगली उपमा मला सापडत नाही. तिच्यातून लहानमोठे कण मिसळलेला द्रव ठराविक वेगाने सोडा. प्रत्येक कणावर आता दोन सत्ता चालतात. एक सत्ता त्याला आपल्या जागी धरून ठेवू पाहते, दुसरी त्याला भोवऱ्याबरोबर ओढून नेऊ पाहते. धरून ठेवणारी सत्ता कणाच्या आकाराबरोबर फार झपाट्याने वाढते: ढोबळ हिशेबाने कण दुप्पट झाला तर ती सोळापट होते. ओढणारी सत्ता मात्र दुप्पटच होते. म्हणून मोठा कण आतल्या भिंतीजवळ ठाण मांडून बसतो आणि लहान कण भोवऱ्याबरोबर फिरत बाहेरच्या बाजूला जातो. चकलीच्या शेवटी नळीला दोन-तीन फाटे ठेवले की मोठे एका फाट्याने आणि लहान दुसऱ्या फाट्याने बाहेर पडतात. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात भगत, कुंटेगौडनहळ्ळी आणि पपौत्स्की या तिघांनी २००८ साली पाच फेऱ्यांच्या अशा नळीत सुमारे सात मायक्रॉन आणि दोन मायक्रॉन आकाराचे कण वेगळे करून दाखवले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या नळीची रुंदी होती शंभर मायक्रॉन. तिघांतली दोन नावे वाचून कोणाला अभिमान वाटला तर मी आड येणार नाही. पण त्या अभिमानाचे पुढे काय करायचे, हा माझा प्रश्न आहे.

याचा उपयोग काय? रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये पाचशे कोटी. कर्करोगाच्या काही रोग्यांच्या रक्तात गाठीतून सुटलेल्या पेशी फिरत असतात, आणि त्या एका मिलिलिटरमध्ये कधी दहा-वीस, कधी त्याहूनही कमी. पाचशे कोटींत दहा! त्या सापडल्या तर रोग कुठवर गेला आहे, औषध लागू पडते आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. या पेशी बहुधा रक्तपेशींहून मोठ्या असतात. चाळणीने त्या पकडायच्या तर चाळण बुजते आणि पेशी चिरडतात. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली गुंडाळलेल्या नळीतून रोग्यांचे रक्त सोडून त्या पेशी जिवंत वेगळ्या काढल्या. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. काही रोगपेशी लहान असतात आणि काही पांढऱ्या पेशी मोठ्या. त्यांची गल्लत होते. पण जिथे चाळण मुळातच चालत नाही तिथे वळण चालले, ही गोष्ट साधी नव्हे.

इथवर वाचून माझे विरोधक तीन बाजूंनी उठतील हे मी जाणून आहे. तिघांनाही एकेक करून उत्तर देते.

पहिले उठतील ते पूर्वजवादी. ते म्हणतील, “पाहा! आमच्या आजीला हे सारे ठाऊक होते. तिच्या रोळीत हेच शास्त्र होते; परक्यांनी ते चोरून नेले.” या गृहस्थांचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते आजीची स्तुती करीत असताना तिचाच अपमान करतात. आजीला रोळणे येत होते. रोळणे का होते हे तिला ठाऊक नव्हते, कारण ते तिला विचारण्याची सवड आणि लिहिण्याची अक्षरे कोणी दिली नव्हती. आणि ‘हेच शास्त्र’ म्हणावे, तर ते हेच नाही. रोळताना खडा तळाशी राहतो तो त्याच्या वजनाने. नदीच्या वळणावर बारीक रेती आतल्या काठाला जाते आणि जाड गोटा बाहेरच्या डोहाकडे घरंगळतो, तोही वजनाने. केसाएवढ्या नळीत याच्या बरोबर उलट घडते: मोठा कण आत, लहान बाहेर. कारण तिथे कणाच्या वजनाला जवळपास किंमतच उरत नाही. तिथे राज्य चालते ते प्रवाहाच्या ढकलण्याचे. तिन्ही ठिकाणी सामाईक आहे ते वळण आणि त्याच्या पोटातला चोरटा फेरा. बाकीचे निराळे आहे, आणि ते निराळे का, हे ज्यांनी मोजले त्यांनीच नवी वस्तू बनवली. आमच्याकडे ज्या हातांनी रोळले त्यांनी लिहिले नाही, आणि ज्या हातांनी लिहिले त्यांनी कधी रोळले नाही. आमचे नुकसान इथे झाले. झारेकऱ्याचे ज्ञान त्याच्या जातीपुरते राहिले, गृहिणीचे तिच्या मोरीपुरते, आणि पंडिताचे त्याच्या पोथीपुरते. त्या तिघांनी एकदा एकत्र बसून पाण्याकडे पाहिले असते तर काय झाले असते याचा विचार करा, आणि मग पूर्वजांच्या नावाने ढोल बडवा.

दुसरे उठतील ते उपयुक्ततावादी. त्यांचे म्हणणे, “हे सारे ठीक, पण परीक्षेला येते का?” मी शिकवीत होते तेव्हा एकदा एका वर्गाला घाटावर नेऊन नदीचे वळण दाखवावे असे माझ्या मनात आले. वरिष्ठांनी नकार दिला. वळण अभ्यासक्रमात नव्हते. अभ्यासक्रमात ‘नदीचे कार्य’ या धड्याखाली एक आकृती होती, आणि ती फळ्यावर काढून दाखवणे पुरेसे होते. नदी शाळेपासून चालत वीस मिनिटांवर वाहत होती! त्या वरिष्ठांना मी दोष देत नाही; त्यांनाही कोणी असेच शिकवले होते. पण या दृष्टीचा परिणाम पाहा. आपण मुलांनासुद्धा चाळणीनेच निवडतो. एक भोक ठरवायचे, सगळ्यांना त्यावर घासायचे, आणि जे खाली पडले ते चांगले, वर राहिले तो कोंडा. मुलाला हाताने काही करून पाहू दिले, कुठे त्याची बुद्धी ओढ घेते ते पाहिले, तर ते ज्याच्या त्याच्या फाट्याने बाहेर पडेल. त्याला आपल्याकडे वळण लावणे म्हणतात. शब्द आहे, रीत गेली.

तिसरे उठतील ते सुधारणावादी, आणि हे सर्वांत बलवान, कारण यांच्या हातात काँक्रीट आहे. गोदावरी नाशिकात रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्या दक्षिणवाहिनीपणामुळेच तिथले स्नान विशेष पुण्याचे मानले जाते. म्हणजे ज्या जागेला आपण सर्वांत पवित्र मानले ती जागा म्हणजे एक वळण! आणि त्या वळणाचे आपण काय केले? २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत त्या परिसरात पात्राच्या तळाशी काँक्रीट घातले गेले. जुनी कुंडे त्याखाली गेली. पुढे ते काँक्रीट काढावे म्हणून नाशिककरांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने पुन्हा घाट, पुन्हा रस्ते, पुन्हा निविदा.

सुधारणावाद्यांची बाजू मला मान्य नाही असे नाही. लाखो माणसे एका मुहूर्तावर पाण्यात उतरतात. त्यांच्या पायांखाली निसरडे असता कामा नये, रेटारेटीत कोणी डोहात जाता कामा नये, हे खरेच आहे. काठाला पायऱ्या बांधा, कठडे घाला, साखळ्या लावा. काठ हा माणसाचा आहे. पण तळ हा नदीचा आहे. वळणावरचा चोरटा फेरा तळाच्या घासणीवर चालतो. तळ वाळूचा असेल तर तो फेरा वाळू हलवतो, आतल्या काठाला उतार करतो, डोह राखतो. तळ फरसबंद केला, काठ सरळ उभे केले, की पाण्याचा वेग वाढतो आणि कोरण्याचे काम थांबत नाही. ते फरसबंदी संपते तिथे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाऊन होते. शिवाय तळाखालच्या झऱ्यांचा आणि प्रवाहाचा संबंध तुटतो तो निराळाच. पुराच्या वेळी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की खांद्याला, एवढे आपण मोजतो. पूर ओसरल्यावर सराफ बाजारात मऊ चिखल का राहतो आणि प्रवाहाच्या अंगाला भरड वाळू का राहते, हे आपण पाहत नाही. तो चिखल आणि ती वाळू म्हणजे नदीने लिहून ठेवलेला जबाब असतो: कुठे तिचा वेग किती होता, कुठे ती वळली, कुठे ती अडली. आपण तो वाचण्याआधी फावड्याने ओढून टाकतो आणि पुढच्या निविदेच्या तयारीला लागतो.

आणि वाचता येणारी माणसे दूर आहेत म्हणावे तर तसेही नाही. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सारे नाशिक ‘मेरी’ म्हणून ओळखते, ती १९५९ पासून याच गावात आहे. पाणी, धरणे आणि गाळ यांचा अभ्यास हे तिचे कामच आहे. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच गावात आहे. एका टोकाला नदीच्या वळणाचे ज्ञान, दुसऱ्या टोकाला रक्ताची गरज, आणि मधून वाहणारी गोदावरी! ज्या शहराजवळ ही तिन्ही आहेत त्या शहराच्या मुलांना चहाच्या पेल्यातले कोडे ठाऊक नसावे, याची लाज कोणाला वाटायची?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली: सिंहस्थाच्या नावाखाली गोदावरीच्या तळाला आणखी एक पाटीसुद्धा काँक्रीट घालू नये, आणि पात्राला कुठेही हात लावायचा झाल्यास आधी त्याची प्रतिकृती करून पाणी आणि वाळू सोडून पाहावी. खडकवासल्याच्या माणसांनी सिंधूसाठी जे केले ते नाशिकने गोदावरीसाठी करू नये काय? दुसरी: नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मुलांना जवळच्या नदीच्या किंवा ओढ्याच्या वळणावर न्यावे; काठावरून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आतल्या आणि बाहेरच्या अंगाची मूठमूठ माती कागदावर पसरून मोजायला लावावी. याला पैसा लागत नाही; लागतो तो एक दिवस. तिसरी मागणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आहे. या सुट्टीत मुलांना फराळाबरोबर पेल्यात पाणी आणि चिमूटभर चहाची पत्ती द्या. पत्ती मध्ये का आली हे सांगू नका, त्यांना विचारा. मुलगा चुकीचे कारण सांगेल, मुलगी आणखी तिसरेच सांगेल, आजोबा मध्ये पडतील, आणि आजी म्हणेल की डाळ रोळताना मी हे पाहिले आहे. त्या वेळी आजीला गप्प बसवू नका. तिला सगळे सांगू द्या, आणि ती सांगेल ते मुलांकडून वहीत लिहून घ्या.